कोमोडोची धाकटी बहीण आपल्या बांधीत

शेतकरी बंधूंनो, रोवणी आटोपून धुऱ्यावरून चालताना एखादी घोरपड आडवी जाते आणि आपला हात आपसूक काठीकडे जातो. ती काठी उचलण्याआधी थोडं ऐकून घ्या.

इंडोनेशिया देशात कोमोडो, रिंका, फ्लोरेस अशी बेटं आहेत. तिथं जगातली सर्वांत मोठी घोरपड राहते. लांबी १० फुटांपर्यंत, वजन ७० किलोच्या घरात. हरीण, रानडुक्कर मारून खाते. १९१२ साली शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. या भागातली मोजकी बेटं सोडली तर रानात ती कुठंच नाही. तिच्यासाठी १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. जगभरातली माणसं पैसे मोजून तिला पाहायला जातात. तरीही २०२१ मध्ये तिचं नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेलं.

आपली घोरपड त्याच कुळातली. शेपटीसकट साडेपाच फुटांपर्यंत वाढते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, बोडीच्या पाळीवर, मोहाच्या ढोलीत, वारुळात तिचा मुक्काम असतो. ती खाते काय? किडे, भुंगेरे, गोगलगाई, उंदीर, अंडी आणि खेकडे. धुरा पोखरून बांधीतलं पाणी वाहून नेणारा खेकडा आणि लोंब्या कुरतडणारा उंदीर तिच्या पोटात जातो. म्हणजे बिनपगारी राखणदारच! कधी कोंबडीची अंडी पळवते हे खरं, पण त्यावर खुराड्याची जाळी पक्की करणं हाच इलाज.

तिच्या विषानं माणूस दगावतो, हा गैरसमज आहे. दुभंगलेली जीभ ती लपलपवते ती वास घेण्यासाठी. मात्र कोंडीत सापडली तर कडकडून चावते आणि शेपटीचा फटकाही मारते. म्हणून वाट मोकळी ठेवा, आपणहून निघून जाईल.

मादी जमिनीत बीळ करून किंवा वारुळात साधारण २० ते ३० अंडी घालते. पिलं बाहेर यायला कित्येक महिने लागतात. एक वारूळ फोडलं की अख्खी पिढी गेली समजा.

मटणासाठी, तेलासाठी, कातड्यासाठी ती मारली जाते. बाजारात ‘हातजोडी’ नावाची मुळी बरकतीसाठी विकतात. ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हे २०१७ मध्ये तपासणीतून उघड झालं. त्यानं बरकत येत नाही, खटला मात्र येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला. शिकारीला किमान ३ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांना एक विनंती. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत घोरपडीची नोंद करून घ्या. घरात शिरली किंवा विहिरीत पडली तर वनरक्षकाला कळवा. हातजोडी विकणारा गावात आला तर तेही कळवा.

कोमोडो पाहायला परदेशी जाणं आपल्याला जमायचं नाही. तिची धाकटी बहीण मात्र आपल्या धुऱ्यावर राहते. पुढच्या वेळी आडवी गेली, तर काठी खाली ठेवा आणि तिला जाऊ द्या.