उंदीर जावा, घुबड राहावं

आज आपण उंदरांविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून हसू नका. उंदरानं ज्यांचं वर्षाचं धान्य फस्त केलं असेल, त्यांना हसू येणार नाही.

आमच्या गटाची पापड-मसाल्याची एक खोली आहे. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी वाळवून ठेवलेल्या पापडात लेंड्या सापडल्या. सगळी चळत उकिरड्यावर टाकावी लागली. जीव तुटला. त्याच दिवशी आम्ही दुकानातून विषाच्या वड्या आणल्या आणि खोलीभर टाकल्या. आठ दिवस शांतता होती. मग शेजारच्या काकूंची मांजर दोन दिवस काही न खाता मेली. मागच्या पडक्या वाड्यात राहणारं पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड चिंचेखाली मरून पडलेलं सापडलं. तपासणी कोणी केली नाही, पण आम्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. आणि दोन महिन्यांत उंदीर मात्र परत आले.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वड्यांत ब्रोमाडायोलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही, त्यामुळे आतल्या आत रक्तस्राव होतो. पण उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस तो जगतो, सुस्त होतो, दिवसाढवळ्याही बाहेर पडतो. असा उंदीर घुबडाला, धामणीला, मांजराला आयताच सापडतो. उंदराच्या अंगातलं विष मग त्यांच्या अंगात जातं.

आता हिशेब बघा. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं देते. ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विऊ लागतात. घुबड आणि धामण इतक्या झपाट्यानं वाढत नाहीत. म्हणजे विषानं दोघंही मेले, तरी आधी परत येतो तो उंदीर. आणि त्याला खाणारं तेव्हा कोणी उरलेलं नसतं.

म्हणून आम्ही क्रम बदलला. पहिलं काम वाट बंद करण्याचं. ज्या भोकातून पेन्सिल जाते, त्यातून छोटा उंदीर आत येतो. आम्ही रात्री भिंतीकडेनं पीठ भुरभुरलं. सकाळी पावलं उमटली आणि वाट कळली. मोरीच्या तोंडाला पाव इंची लोखंडी जाळी बसवली. भिंतीतल्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावलं. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकली. लाकूड आणि प्लास्टिक उंदीर कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. पत्र्यापुढे आणि सिमेंटपुढे मात्र त्याला अवघड जातं.

दुसरं काम खाणं तोडण्याचं. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. पोती जमिनीवर नकोत. ती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे मागे झाडता येतं. पिठाची गिरणी किंवा किराणा दुकान असेल तर रात्री बंद करण्याआधी सांडलेलं पीठ, दाणे उचला. सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग भिंतीला टेकवू नका. कौलांवर टेकलेल्या फांद्या छाटा.

तिसरं काम सापळ्याचं. उंदीर भिंतीच्या कडेनं धावतो, म्हणून सापळा भिंतीलगत ठेवायचा. आमिषाला खोबऱ्याचा तुकडा किंवा सुकट लावा. पहिले दोन दिवस चाप न चढवता नुसतंच आमिष ठेवा, त्याची भीड मोडते. पिंजऱ्यातला उंदीर लांब नेऊन सोडला तर तो दुसऱ्या कोणाच्या कणगीत जातो, म्हणून आम्ही चाप वापरतो. तो लहान तोंडाच्या खोक्यात ठेवतो, म्हणजे मांजराचा किंवा मुलांचा हात त्यात जात नाही. चिकट पट्ट्या मात्र आणू नका. त्यावर पाली आणि चिमण्याही चिकटून तडफडतात. आणि चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे. ती झुरळं, किडे खाते. तिला जाऊ द्या.

लेंड्या कोरड्या झाडू नका. फिनेलचं पाणी शिंपडून, हातमोजे घालून पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, पावसाळ्यात तर जास्तच.

शेतात घुशी आणि उंदीर फार झाले आणि विष वापरावंच लागलं, तर कृषी सहाय्यकांना विचारून वापरा. चालू बिळात खोल टाका, तोंड मातीनं बुजवा आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. उकिरड्यावर टाकू नका. मुलानं चुकून विष खाल्लं तर घरी उलटी काढत बसू नका. 108 ला फोन करा आणि विषाचं पाकीट सोबत न्या.

धामण बिनविषारी असते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे. साप ओळखता येत नसेल तर जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. पण एक लक्षात ठेवा, नाग आणि घोणसही उंदरांच्या मागेच घरात येतात. उंदराची वाट बुजली की त्यांचंही घरात येणं कमी होतं.

राहिलं घुबड. त्याला आपण अशुभ म्हणतो आणि लक्ष्मीचं वाहनही म्हणतो. पिल्लं असलेली गव्हाणी घुबडाची जोडी एका रात्रीत कितीतरी उंदीर उचलते. त्याची मजुरी काही नाही. शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे लाकडी पक्षीथांबे रोवा, रात्री त्यावर घुबडं बसतात. जुन्या झाडाची ढोली तोडू नका.

आमच्या खोलीला जाळी, पत्रा, सिमेंट लावायला दोन दिवस लागले. काम सगळ्याजणींनी मिळून केलं. त्यानंतर पापडात लेंडी सापडलेली नाही. वाड्यात अजून दुसरं घुबड आलेलं नाही. आम्ही रोज संध्याकाळी तिकडे बघतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं एक पेन्सिल घ्या आणि आपल्या घराच्या भिंतीकडेनं एक फेरी मारा. किती भोकं सापडली ते वहीत लिहा. सुरुवात तिथूनच होते.