जुन्या जग्वारची लेदर सीट तडकली, म्हणजे ती कामातून गेली का? रंग परत कसा चढवतात, समजून घ्या!

विंटेज गाड्यांच्या रॅलीत साठच्या दशकातली एखादी जग्वार दिसली की लोक आधी बॉनेटसमोर उभं राहून फोटो काढतात, मग खिडकीतून आत डोकावतात. बाहेरून गाडी आरशासारखी चकाकत असते. आत मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बारीक भेगांचं जाळं पसरलेलं असतं, अगदी मे महिन्यात आटलेल्या तळ्यासारखं.

अशी सीट पाहिली की सल्ला ठरलेला असतो, "काढून टाका की, नवीन कव्हर शिवून घ्या!"

काम दोन-चार दिवसांत होतं आणि सीट नवीकोरी दिसते. पण जुन्या गाड्यांचं काम जाणणारा माणूस हा सल्ला ऐकून कपाळावर हात मारून घेतो. कारण बहुतेक वेळा तडकलेलं असतं ते लेदर नसतंच, तडकलेला असतो त्यावरचा रंग. आणि कारखान्यातून गाडीसोबत आलेलं मूळ लेदर एकदा भंगारात गेलं की ते पुन्हा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मग ही सीट वाचवतात कशी?

आधी थोडा इतिहास

आज लेदर सीट म्हणजे श्रीमंतीचं लक्षण. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात मात्र चित्र उलटं होतं. तेव्हाच्या अनेक बड्या गाड्यांमध्ये ड्रायव्हर पुढे उघड्यावर बसायचा आणि मालक मागे बंद केबिनमध्ये. ऊन-पाऊस सोसणारं, पुसलं की साफ होणारं लेदर ड्रायव्हरच्या वाट्याला यायचं आणि मालकासाठी असायचं मऊ, उंची कापड!

पुढे लेदरला प्रतिष्ठा मिळाली. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत यात एक नाव कायम निघतं, कॉनोली. 1878 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं लेदर रोल्स रॉइस, बेंटली, ॲस्टन मार्टिन आणि जग्वारमध्ये वापरलं जायचं. ब्रिटिश संसदेतल्या हाऊस ऑफ कॉमन्सच्या हिरव्या बाकांवरही कॉनोलीचंच लेदर होतं. स्कँडिनेव्हियातल्या गुरांच्या कातड्यांना कॉनोलीकडे पसंती असायची. कारण तिथल्या जनावरांच्या अंगावर काटेरी तारांचे ओरखडे आणि किड्यांच्या चाव्याचे डाग कमी.

2002 साली कॉनोलीची लेदर बनवणारी टॅनरी बंद झाली. म्हणजे एखाद्या जुन्या जग्वारमधलं त्या काळचं लेदर आज बदलायचं म्हटलं, तर तसंच दुसरं सहज मिळत नाही. याच जग्वारची मालकी 2008 मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सकडे आली.

तुम्हाला दिसतो तो रंग, लेदर नव्हे!

लेदर म्हणजे जनावराचं कमावलेलं कातडं. त्याच्या आत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ते ताणलं तरी सहसा फाटत नाही. कमावताना त्यात तेलं मुरवतात. त्यामुळे हे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि लेदर मऊ राहतं.

पण सीटकडे पाहताना हे लेदर थेट दिसत नाही. त्यावर रंगाचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर संरक्षक लॅकरचा.

इथेच 'डाय' या शब्दाचा घोळ होतो. डाय कापडाच्या रंगासारखा आत मुरतो आणि पारदर्शक असतो, त्यामुळे तो जुने डाग झाकत नाही. गाडीच्या सीटवर जे वापरतात ते असतं पिगमेंट, म्हणजे पृष्ठभागावर बसणारा लवचिक रंग. लोक 'सीट डाय केली' म्हणतात खरं, पण प्रत्यक्षात ती रंगवलेली असते.

आता ड्रायव्हरची सीट आठवा. गाडीत चढता-उतरताना माणूस रोज त्याच कडेवर घासला जातो. ऊन काचेतून आत येतं, घामातलं मीठ आणि तेल रंगात शिरतं. रंगाचा थर कडक होतो आणि लेदर वाकलं की तो तडकतो. भेगांमध्ये धूळ बसली की त्या काळ्या आणि खोल दिसतात. म्हणून आतलं लेदर ठणठणीत असूनही सीट 'संपलेली' वाटते.

तेल लावायची घाई नको

सीट कोरडी दिसली की अनेक जण खोबरेल, ऑलिव्ह ऑइल किंवा बाजारात मिळणारं कंडिशनर घेऊन चोळायला बसतात.

पण वरचा रंग शाबूत असेल, तर तेल आत जातच नाही. ते वर राहतं, चिकट होतं आणि धूळ पकडतं. भेगांमधून जे थोडं आत जातं ते शिलाईच्या दोऱ्यांत आणि खालच्या फोममध्ये उतरतं. सगळ्यात मोठं नुकसान नंतर कळतं. तेलकट जागेवर नवीन रंग धरत नाही आणि काही महिन्यांत त्याचे पापुद्रे निघू लागतात.

घरातला भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबणही नको. लेदर थोडं आम्लधर्मी असतं आणि असे साबण अनेकदा अल्कधर्मी असतात. वारंवार वापरले तर लेदर कडक पडतं.

हे लेदर आहे की रेक्झिन?

काम सुरू करण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसेडर, पद्मिनीमध्ये बहुतेक रेक्झिनच असायचं. 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधलं एक ब्रँडनाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन ते नकली लेदर बनवायचे. आज त्या नावाने जे मिळतं ते सहसा पीव्हीसी असतं.

गंमत म्हणजे अस्सल ब्रिटिश गाडीतही सगळी सीट लेदरची असेलच असं नाही. अनेक गाड्यांमध्ये बसायचा आणि पाठ टेकायचा भाग लेदरचा, तर मागची आणि कडेची बाजू व्हिनाइलची असायची.

ओळखायचं कसं? सीटखाली हात घालून कव्हरची मोकळी कड उलटून बघा. मागची बाजू मखमलीसारखी, तंतूतंतूंची असेल तर ते लेदर. कापडाची वीण दिसली तर रेक्झिन किंवा व्हिनाइल.

थिनरची एक छोटी चाचणी

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या लेदरवर अनेक दशकं नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरलं जात होतं. हे नाव अनोळखी वाटेल, पण आपल्याकडच्या गॅरेजमधला 'ड्युको' रंग याच कुळातला. नंतरच्या काळात पाण्यावर आधारित रंग आले.

दोन्हींचा स्वभाव वेगळा असल्याने आपल्या सीटवर काय आहे हे कळणं गरजेचं. पांढऱ्या फडक्यावर थोडं लॅकर थिनर घेऊन सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलकेच पुसतात. रंग लगेच विरघळून फडक्यावर आला, तर लॅकर असण्याची शक्यता जास्त. चाचणी मात्र दारं उघडी ठेवून, आगीपासून दूर, हातमोजे घालूनच करायची. नायट्रोसेल्युलोज आणि थिनर दोन्ही चटकन पेट घेतात.

प्रत्यक्ष काम कसं होतं?

१. सफाई: आधी व्हॅक्युम. मग लेदर क्लीनरचा फेस मऊ ब्रशने गोल फिरवत लावायचा आणि ओलसर फडक्याने टिपून घ्यायचा. सीट पाण्याने भिजवायची नाही. अनेकदा इथेच धक्का बसतो. तपकिरी वाटणारी सीट मुळात लाल निघते आणि काम इथेच थांबवलं तरी चालेल असं वाटू लागतं.

२. शिलाई: दोरा कुजला असेल तर रंगाआधी शिवून घ्यायचं, तेही जमेल तितकं जुन्याच भोकांतून. नवी भोकं पाडली की लेदर तिथे टपाल तिकिटाच्या कडेसारखं कमजोर होतं.

३. जुना रंग मोकळा करणे: लेदरसाठीच्या प्रिपरेशन द्रवाने मेण, तेल आणि सुटलेला रंग काढतात. खडबडीत भेगांवर बारीक वॉटर पेपर अगदी हलक्या हाताने फिरवतात. इथे घाई महागात पडते. लेदरचा वरचा दाणेदार थर घासला गेला, तर खालचे तंतू उघडे पडतात आणि तो पोत परत आणता येत नाही.

४. मऊ करणे: रंग निघालेलं लेदर कडक वाटत असेल, तर तेलं मुरवायची वेळ ही. त्यासाठी बनवलेलं सॉफ्टनर थोडं थोडं लावून पूर्ण मुरू देतात. वर राहिलेला अंश पुसून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

५. फाटलेलं आणि भेगा: भोक असेल तर आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचिक गोंदाने चिकटवतात. भेगांमध्ये लवचिक फिलर भरतात. गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी इथे चालत नाही. ती कडक होते आणि माणूस बसला की फुटते. फिलरही एकदम जाड न भरता पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन.

६. रंग: पहिला हात स्पंजने, म्हणजे रंग सुरकुत्यांत नीट बसतो. पुढचे हात स्प्रेने, अगदी पातळ. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ हात कधीही चांगले. रंग जाड झाला की लेदरचा दाणा बुजतो आणि खरं लेदर प्लास्टिकसारखं दिसायला लागतं.

७. वरचं लॅकर: शेवटी संरक्षक थर. जुन्या गाडीला फार चकाकी शोभत नाही, सौम्य किंवा मंद फिनिश बरं दिसतं. काही लॅकरमध्ये मिसळायचं हार्डनर श्वासातून आणि त्वचेतून अपाय करू शकतं. त्यामुळे डब्यावरच्या सूचना वाचून योग्य मास्क आणि हातमोजे वापरणं बंधनकारक समजा. नंतर डब्यावर सांगितलेला वेळ होईपर्यंत सीटवर बसायचं नाही.

रंग जुळवायचा कशाशी?

पन्नास-साठ वर्षं ऊन खाल्लेल्या सीटवर एकच रंग उरलेला नसतो. पाठीचा वरचा भाग फिका, कड काळपट आणि मधला भाग काहीतरी तिसराच. म्हणून जाणकार सीट उचलून उजेड न लागलेली जागा शोधतात. सीटखाली दुमडलेली कड किंवा आर्मरेस्टची खालची बाजू. कारखान्यातला रंग तिथे लपून बसलेला असतो.

नमुना दिवसाच्या उजेडात जुळवतात आणि वाळवूनच बघतात, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. पण एकच सीट रंगवायची असेल तर पेच पडतो. मूळ रंग दिला की ती शेजारच्या फिकट सीटपुढे उठून दिसते. मग रंग आजच्या बाकी सीटशी जुळवायचा की 1960 च्या दशकातल्या मूळ छटेशी, हे मालकाला ठरवावं लागतं.

कधी थांबायचं?

सगळंच लेदर वाचतं असं नाही. घडी घातली की कागदासारखं फाटणारं, बोटाला भुकटी लागणारं लेदर आतून मेलेलं असतं. त्यावर रंग चढवणं म्हणजे पोखरलेल्या भिंतीला चुना लावणं. तिथे तेवढाच भाग बदलून बाकीचा जपणं शहाणपणाचं.

दुसऱ्या टोकाला, काही सीट नुसत्या साफ करून सोडून द्यायच्या असतात. जुन्या वाहनांसाठी काम करणाऱ्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्यूरिन सनद आहे. तिचा भर शक्य तितकं मूळ साहित्य जपण्यावर आणि गरजेपुरताच हस्तक्षेप करण्यावर आहे. भारतातही 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी आणि चारचाकींना विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. तिथे तपासणी मुख्यतः चासी, बॉडी आणि इंजिनच्या बदलांची असते. पण सीटच्या बाबतीत मूळपण राखायची जबाबदारी शेवटी मालकाचीच.

रंगवल्यावर काळजी कशी घ्यायची?

ऊन आणि दमट हवा, हे आपल्याकडचे दोन शत्रू. गाडी सावलीत लावा. पावसाळ्यात प्लास्टिकचं आवरण घट्ट बांधून ठेवलं तर आत ओल कोंडते आणि लेदरवर बुरशी येते, त्यामुळे हवा खेळणारं सुती कव्हर बरं. अधूनमधून कोरड्या दिवशी दारं उघडून गाडीला वारा लागू द्या. महिन्यातून एकदा ओलसर मऊ फडकं फिरवा, आणि जीन्सचा निळा रंग सीटला लागला तर तो मुरण्याआधी साफ करा.

जुन्या गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बसवता येतं, पत्रा ठोकून रंगवता येतो, सुटे भाग नव्याने बनवता येतात. पण साठ वर्षांत वेगवेगळ्या माणसांच्या बसण्याने त्या लेदरवर पडलेल्या घड्या कुणालाच बनवता येत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी कुणी "काढून टाका" म्हटलं, तर आधी सीटखाली हात घाला, कड उलटून बघा. मखमली तंतू अजून धड असतील, तर ती सीट अजून संपलेली नाही.