चांगलं कॉलेज की बरा रस्ता?

मी लातूरहून दिल्लीला आले तेव्हा पहिल्या महिन्यातच एक सवय लागली. बसस्टॉपवर उभं राहिलं की फोन कानाला लावायचा, पलीकडे कुणी नसलं तरी. ही सवय कुठल्या आकडेवारीत येते? गुन्ह्यांच्या नोंदीत तर नाहीच, कारण गुन्हा घडलेलाच नाही. मग भीतीची किंमत मोजायची कशी? यावर मला सर्वांत आवडलेला अभ्यास आज सांगते.

गिरिजा बोरकर यांनी तो अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात पीएचडी करताना केला. त्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या सुमारे ४,००० विद्यार्थ्यांची पाहणी केली. इथली बरीच मुलं-मुली आईवडिलांकडे राहून रोज ये-जा करतात. २०२२ मध्ये सीयूईटी येण्याआधी प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर, कट-ऑफने व्हायचा. म्हणजे टक्के कळले की त्या मुलीला कुठकुठली कॉलेजं मिळू शकत होती हेही कळतं, फक्त तिने घेतलेलं कॉलेज नव्हे. गंमत इथेच आहे. जे घेतलं त्याचा रस्ता आणि जी सोडली त्यांचे रस्ते, दोन्ही गूगल मॅप्सवरून काढता येतात.

मग प्रत्येक रस्ता किती सुरक्षित वाटतो हे ठरवायचं. त्यासाठी दोन गोष्टी वापरल्या. एक, सेफ्टीपिन हे ॲप: उजेड किती, आजूबाजूला माणसं आहेत का, त्यात बायका दिसतात का, फुटपाथ धड आहे का, अशा गोष्टींवर ते जागेला गुण देतं. दुसरं सेफसिटी, जिथे बायका आपले छेडछाडीचे अनुभव नाव न सांगता नोंदवतात. शेवटी मुलींच्या निवडी मुलांच्या निवडींशी ताडून पाहिल्या, म्हणजे 'सगळ्यांनाच जवळचं कॉलेज आवडतं' असं म्हणायला जागा उरत नाही.

निष्कर्ष वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसले होते. रस्ता एका 'प्रमाण विचलना'ने जास्त सुरक्षित वाटत असेल (शंभर रस्ते ओळीने लावले, तर मधल्याऐवजी साधारण वरून सोळावा मिळणं), तर मुली टॉपच्या २० टक्क्यांतलं कॉलेज सोडून खालच्या अर्ध्यातलं घ्यायला तयार होतात. मुलंही थोडं सोडतात, पण टॉप २० वरून टॉप ३० पर्यंतच. पैशांतही तेच: तेवढ्याच सुरक्षिततेसाठी मुली मुलांपेक्षा वर्षाला सुमारे १८,८०० रुपये जास्त मोजायला तयार होत्या. हे वर्षाच्या सरासरी फीच्या जवळपास दुप्पट. कमी दर्जाचं कॉलेज म्हणजे पुढे कमी पगार, हे वेगळं सांगायला नको.

आता 'मग बायकांसाठी वेगळी गाडी द्या' हे उत्तर पटकन सुचतं. लाहोरमध्ये एरिका फील्ड आणि केट व्हिबॉर्नी यांनी ते खरंच करून पाहिलं. नोकरी शोधणाऱ्यांना कामावर जायला-यायला गाडी देऊ केली. काहींना स्त्री-पुरुष मिश्र, काही बायकांना फक्त बायकांची. मिश्र गाडीने अर्जांवर फारसा फरक पडला नाही. फक्त बायकांच्या गाडीने मात्र बायकांचे अर्ज दुपटीहून जास्त झाले! म्हणजे अडचण नुसत्या अंतराची नव्हती. सोबत कोण बसणार, याचीही होती.

माझी यावर एक कुरकुर आहे. दिल्ली मेट्रोत २०१० पासून पहिला डबा बायकांसाठी राखीव आहे. मीही त्यातच चढते, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या डब्यात धक्का लागला आणि तोंड उघडलं, की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, लेडीज कोच आगे है." सोय होती तिचा नियम कधी होतो, कळत नाही.

माझ्या स्वतःच्या कामासाठी बोरकरांचा अभ्यास वाचताना एक प्रश्न मात्र सुटत नाही. 'निवड' मुलीची म्हणून मोजली जाते, पण ती केली कुणी? सुरुवातीच्या मुलाखतींत भेटलेल्या एका मुलीने घराजवळचं कॉलेज घेतलं होतं. टक्के भरपूर होते. तिला मी विचारलं, बारावीत क्लासच्या बसमध्ये जो त्रास झाला तो घरी सांगितलास का? ती म्हणाली, "दीदी, सांगितलं असतं तर हे कॉलेजसुद्धा मिळालं नसतं." छेडणाऱ्याची भीती आणि घरच्यांची भीती, दोन्ही एकाच रस्त्यावर. नकाशावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

म्हणून प्रश्नावलीत 'हा रस्ता कुणी ठरवला?' ही ओळ घातली आहे. अडचण अशी, की मुलाखतीला आई शेजारी बसलेली असते. सध्या तो प्रश्न मी आई चहा टाकायला उठेपर्यंत राखून ठेवते.