भजन घरी ध्वनिमुद्रित करताना

मावळातल्या एखाद्या भजनी मंडळाला घरीच अभंग ध्वनिमुद्रित करायचे असतील, तर पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो. सगळे एकत्र बसून एक-दोन माइकवर गाणार असाल तर ऑडॅसिटी पुरे. २००० सालापासून ती मोफत मिळते. पखवाज आधी, गायन नंतर, असं वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं असेल तर माझा कौल रीपरला. ६० दिवस वापरून पाहता येतं, मग घरगुती परवाना ६० डॉलर. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकटच आहे. आवाजाचा दर्जा यातल्या कशानेही फारसा बदलत नाही, तो माइक आणि खोली ठरवते.

खरी डोकेदुखी विलंबाची. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा आला की लय सुटते. बफर १२८ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला त्याचा वाटा जेमतेम २.७ मिलिसेकंद, जुना संगणक मात्र तिथे अडखळतो आणि आवाजात टकटक येते. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच वापरावा.

लोणावळ्याचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना नॉइज रिडक्शनवर भिस्त नको. पावसाबरोबर टाळांची किणकिणही पुसली जाते. जुलैत संपादन करा, ध्वनिमुद्रण दिवाळीनंतर.