आकाशातला काटा कोण तपासणार?

लेस्टर म्हटले की आपल्याला बेलग्रेव्ह रोडवरची साड्यांची आणि मिठाईची दुकाने आठवतात. पण त्याच गावातल्या विद्यापीठाने बनवलेला एक कॅमेरा मुंबईच्या टीआयएफआरने (कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था) तयार केलेल्या क्ष-किरण दुर्बिणीला बसवला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ही दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाबरोबर गेली. कॅमेऱ्यातली सीसीडी चिप एसेक्समधल्या चेम्सफर्डची. त्याच जातीच्या चिपा ‘एक्सएमएम-न्यूटन’ आणि ‘स्विफ्ट’ या दुर्बिणींवरही आहेत आणि तिथेही लेस्टरकरांचा हात आहे.

आपल्याकडे दुकानदाराला वजनकाटा ठराविक काळाने सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागतो. मगच शिक्का बसतो. साडेसहाशे किलोमीटर उंचीवर शिक्का मारायला कोण जाणार?

आणि तपासणी टाळून चालत नाही. क्ष-किरणाचा एक कण चिपवर पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. ते मोजून कणाची ऊर्जा कळते आणि ऊर्जेवरून तो लोखंडाचा, सिलिकॉनचा की ऑक्सिजनचा हे ठरते. ५.९ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या कणामागे सुमारे १६०० इलेक्ट्रॉन सुटतात. पण अवकाशातले प्रोटॉन वर्षानुवर्षे चिपवर आदळून तिच्यात बारीक खड्डे पाडतात. वाहून नेताना काही इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात आणि मोजणी कमी भरते. चिप उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवली तरी हे पूर्ण थांबत नाही. मे २००५ मध्ये तर ‘स्विफ्ट’च्या चिपवर अवकाशातला धुळीचा कण आदळला आणि काही रकाने कायमचे बिघडले.

म्हणून आपल्या दुर्बिणीने वजने बरोबरच नेली. चिपच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५ या किरणोत्सारी पदार्थाचे चार ठिपके सतत ५.९ चे किरण पाडतात. तो आकडा वर ५.८ दिसू लागला, तर बदल किरणात नव्हे, चिपमध्ये झाला आहे. तेवढी दुरुस्ती खाली संगणकात करायची.

गोम पुढेच आहे. लोह-५५ चे अर्धायुष्य सुमारे पावणेतीन वर्षे. दहा वर्षांत ते मूळच्या साधारण बाराव्या हिश्श्यावर येते. म्हणजे चिप म्हातारी होते तसतसे वजनही झिजते!

मग आकाशातलीच वजने धुंडाळायची. १५७२ साली दिसलेल्या टायकोच्या ताऱ्याच्या अवशेषात सिलिकॉनची ठळक रेषा आहे, तिच्यावर खालच्या ऊर्जेची मोजणी ताडता येते. छोट्या मॅगेलन मेघातल्या ‘१ई ०१०२’ या अवशेषात ऑक्सिजन आणि निऑनच्या रेषा मिळतात. २०१७ साली त्याच्यावर चार मोहिमांचे कॅमेरे ताडून पाहिले, तेव्हा तेजाची बहुतेक मापे ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत-बाहेर निघाली. भाजीवाल्याशी आपण एवढ्यावर भांडू, पण या क्षेत्रात हे चांगले समजले जाते.

तेजासाठी कित्येक दशके ‘खेकडा’ तेजोमेघ हेच प्रमाण वजन होते, इतके की तेज ‘इतके क्रॅब’ असे सांगतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की २००८ पासून दोन वर्षांत खुद्द तोच सुमारे सात टक्क्यांनी मंदावला होता. अनेक उपग्रहांना एकाच वेळी तेच दिसले म्हणून ते कळले. एकट्या दुर्बिणीने ते आपल्याच काट्याचा दोष मानले असते.