इजिप्तच्या वाळवंटातली नक्षी दादरच्या इमारतींवर कशी आली?

शिवाजी पार्कच्या गल्ल्यांमधून चालताना मान जरा वर केली, तर जुन्या तीन-चार मजली इमारतींवर काही खुणा पुन्हा पुन्हा दिसतात. दर्शनी भागाचं टोक पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत जातं. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये अर्धा सूर्य असतो आणि त्यातून फाकलेले किरण. समुद्र पाच मिनिटांवर, पाऊस चार महिने, आणि नक्षीत मात्र वाळवंट!

याचा एक धागा थेट एका थडग्यापर्यंत जातो.

नोव्हेंबर 1922 मध्ये इजिप्तमधल्या लक्झरजवळ हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामुन या राजाचं थडगं सापडलं. वर्तमानपत्रांनी ही बातमी जगभर पोहोचवली आणि दागिन्यांपासून सिनेमागृहांपर्यंत सगळीकडे इजिप्तचं वेड पसरलं. 1925 मध्ये पॅरिसला सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्याच नावावरून पुढे या काळातल्या शैलीला 'आर्ट डेको' म्हणू लागले. कमळ, सूर्य, ताठ उभ्या आकृत्या या शैलीने इजिप्तकडून उचलल्या. पायऱ्यांचा आकार सक्काराच्या पिरॅमिडचा, तसाच आजच्या इराकमधल्या प्राचीन झिगुरात मंदिरांचाही. अर्थात, दादरचा प्रत्येक सूर्य इजिप्तहूनच आला असं नाही. सूर्यकिरण तेव्हा जगभर फॅशनमध्ये होते.

मुंबईत ही लाट आधी दक्षिणेकडे आली. 1933 च्या रीगल सिनेमाच्या आतली सजावट कार्ल शारा यांनी केली होती आणि तिथे सूर्यकिरणांचीच नक्षी होती. 1938 च्या इरॉसचा मनोरा पायऱ्यापायऱ्यांचा आहे.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण फोर्टमधलं. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या 1936 च्या इमारतीवरच्या उंच आकृत्या लांबून फॅरोच्या पुतळ्यांसारख्या वाटतात. जवळ गेल्यावर कळतं, ही माणसं इथलीच आहेत. दर्शनी भागावरच्या शिल्पांमध्ये शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या स्त्रिया दिसतात. हे काम शिल्पकार एन. जी. पानसरे यांचं.

मग मध्यमवर्गीय दादरमध्ये का?

कारण ही नक्षी परवडणारी होती. गिरगाव-फोर्टच्या जुन्या इमारतींसारखं दगडाचं किंवा लाकडाचं कोरीवकाम नको, सिमेंटमध्ये सरळ रेषा ओढल्या की काम भागायचं. खिडक्यांवरचे लांब छज्जे शोभेचे होतेच, पण पावसाचं पाणीही अडवायचे. आत मोझॅकची फरशी आली, तिच्यातही तेच भौमितिक आकार.

2018 मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह भागातल्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा यादीत घेतलं. दादर त्यात नाही. 2012 मध्ये शिवाजी पार्क परिसराचं नाव वारसा स्थळांच्या प्रस्तावित यादीत आलं, तेव्हा विरोध केला तो अनेक रहिवाशांनीच. दर्जा मिळाला की पुनर्विकास अडकणार, ही त्यांची भीती होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. गळकं छत आणि लिफ्ट नसलेला जिना ज्याला रोज सोसायचा आहे, त्याला ग्रिलमधल्या सूर्याचं कौतुक किती वेळ पुरणार?

इमारत पाडली की ग्रिल भंगारात जातं आणि फरशी डेब्रिसमध्ये. आर्ट डेको मुंबई ट्रस्ट शहरातल्या अशा इमारतींची छायाचित्रांसह ऑनलाइन नोंद ठेवत आहे.