शमुवेल, सॅम्युएल आणि समाजी

स्वारगेटहून सुटणारी अलिबागची एसटी पेणवरून जाते. पेणकर, नवगावकर, केहीमकर ही बेने इस्राएल समाजाची आडनावं याच मुलखातल्या गावांची. या मराठी ज्यूंच्या आडनावात कोकण आहे आणि नावात हिब्रू. नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्याचं काय होतं, हे इथे छान उलगडतं.

‘श्मुएल’ हे मूळ हिब्रू नाव घ्या. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. ग्रीकमध्ये ‘श’ नव्हता, म्हणून श्मुएलचा ‘सामुएल’ झाला, शिमोनचा ‘सिमोन’. तेच रूप लॅटिनमार्गे युरोपभर गेलं: इटालियनमध्ये सामुएले, फिनिशमध्ये सामुली, इंग्रजीत सॅम्युएल. ‘योहानान’ तर आणखी बदलला. ग्रीकमध्ये इओआनेस, त्यावरून रशियन इवान; लॅटिनमध्ये योहानेस आणि पुढे इटालियन जोव्हान्नी, पोर्तुगीज जुआंव, इंग्रजी जॉन. जर्मनांनी योहानेसचा पुढचा भाग गाळून ‘हान्स’ केलं.

असंच गाळणं कोकणातही झालं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरच्या बोलीत समाजी हसाजी दिवेकर होते. इझिकेलचं मूळ हिब्रू रूप ‘येहेझ्केल’; त्यातला ‘ये’ गळला, शेपूट झिजलं, उरल्या ‘हसा’ला राणोजी-संभाजीसारखा ‘जी’ लागला. अब्राहामचा आबाजीही याच घडणीचा.

मराठी बायबलनं मात्र हिब्रूतला ‘श’ राखला: शमुवेल, शलमोन. शमुवेलमधला ‘व’ मराठी जिभेचा. ‘उ’ आणि ‘ए’ शेजारी आले की तो आपसूक मध्ये येतो.

म्हणजे मराठीत एकाच नावाची तीन रूपं नांदतात. ‘श’ असला तर वाट बायबलच्या भाषांतराची, ‘सॅ’ असला तर इंग्रजीची, ‘जी’ असला तर कोकणातल्या घराची. पहिल्या दोन वाटा छापील पुस्तकांत सापडतात. तिसरीचा पुरावा मुख्यतः बोलण्यात आणि जुन्या कागदांत आहे, आणि 1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं इस्राएलला गेल्यानं तो विरळ झाला आहे. म्हणून वंशावळ लिहिताना समाजीचा सॅम्युएल करू नये. पणजोबांना घरचे ज्या नावानं हाक मारत, तेच नाव आधी लिहावं.